नव्वद मिनिटांचं इंग्लंड

इंग्लंड जिंकलं त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत हरलेला माणूस मी एकटाच होतो, आणि हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तोवर मी जिंकलेल्या माणसासारखा वागून बसलो होतो. शीळ घालत दात घासले होते. सकाळी दूधवाल्याला हात केला होता. या गोष्टी मागे घेता येत नाहीत.

मुळात ही कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर कोणी ऐकत नाही. कल्पना नॉर्मन शॅकलटनची. नॉर्मन आमचा डावीकडचा शेजारी, धंद्याने प्लंबर, आणि ज्यावर त्याला मत नाही असा विषय अजून निघायचा आहे. आमची बेथेस्डा स्ट्रीट दर उन्हाळ्यात रस्त्यावर टेबलं मांडून एक दिवस एकत्र जेवते. त्यासाठी प्रत्येक घर वर्षभर एका बिस्किटांच्या डब्यात थोडे थोडे पैसे टाकतं. डबा समोरच्या एन्टविसलबाईंकडे असतो. त्या विधवा आहेत, ऐंशीच्या पुढे आहेत, आणि कानाने अधू असल्यामुळे त्यांच्याकडे उसने पैसे मागणं फार कष्टाचं पडतं. तर नॉर्मनचं म्हणणं असं की काकडीची सँडविचेस आणि पावसात भिजलेला केक यापलीकडे या गल्लीने आयुष्यात काही पाहिलेलं नाही. डबा उचलायचा, फुटबॉलच्या उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडवर लावायचा, आणि येतील त्या पैशांतून बस करून अख्ख्या गल्लीने लँडुड्नोला समुद्रावर जायचं.

"लावणार कोण?" कोणीतरी विचारलं.

"मास्तर," नॉर्मन म्हणाला. "मास्तरांनी हयातभर गणित शिकवलंय. आता एकदा त्याचा उपयोग होऊ दे."

इथे थोडं थांबून माझी बाजू समजून घ्या. मी या गल्लीत राहायला आलो तेव्हापासून, म्हाताऱ्या एन्टविसलबाई सोडल्या तर, सगळे मला 'मास्तर' आणि 'तुम्ही' म्हणतात. बर्नार्ड ऑलरेनशॉ असं माझं चांगलं नाव आहे, पण एरवी ते फक्त वीजबिलावर वापरलं जातं. बाकीचे एकमेकांना अरे-तुरे करतात, भर रस्त्यात एकमेकांच्या टकलांची चेष्टा करतात, एकमेकांच्या शिड्या न विचारता नेतात. माझी शिडी कोणी विचारूनसुद्धा नेलेली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा गल्लीने माझ्याकडे काहीतरी मागितलं. मी नाही कसं म्हणणार?

"तू नाही म्हणणार," माझी बायको डोरीन म्हणाली. डोरीन चॅपलमधली, म्हणजे जुगाराला पाप मानणाऱ्या कडक पंथातली. तिथे मदतनिधीच्या सोडतीचं तिकीटसुद्धा खालमानेने विकत घेतात. "पैजेच्या दुकानात जाणार तू? त्या दारातून?"

"मी गल्लीच्या वतीने जातोय."

"नरकातसुद्धा लोक कोणाच्या ना कोणाच्या वतीनेच जात असतील," ती म्हणाली आणि इस्त्री करत राहिली.

पुढचा आठवडाभर सल्ल्यांचा मारा झाला. नॉर्मनचा सल्ला, डेन्मार्कचा गोली डावखुरा आहे, त्याचा विचार करा. डावखुऱ्या गोलीचा विचार म्हणजे नेमका काय करायचा हे त्याने सांगितलं नाही. एन्टविसलबाई म्हणाल्या, "बर्नार्ड बाळा, ज्याची आई सामन्याला येते त्याच्यावर लाव." मी मात्र शास्त्राने जायचं ठरवलं. वाचनालयातून पुस्तकं आणली, आलेखाचा कागद आणला, आणि सामना बरोबरीत सुटला तर पेनल्टीवर काय होईल याचा स्वतंत्र अभ्यास केला. हे नीट लक्षात घ्या. बाकी कोणी नाही, मी पेनल्टीचा विचार केला होता. शॅकलटनच्या स्वयंपाकघरात मी साखरेचे खडे मांडून सगळ्यांना समजावलं की चारातल्या साधारण तीन पेनल्टी जाळ्यात जातात, पहिली कोण मारतो याला किती किंमत द्यायची, आणि नव्वद मिनिटं, जादा वेळ आणि पेनल्टी असे तिन्ही रस्ते एकत्र धरले तर इंग्लंडचं पारडं कसं जड आहे. माझा मुद्दा शेवटाला पोहोचेपर्यंत नॉर्मनच्या बायकोने डेन्मार्कचे दोन खडे चहात टाकले होते, पण गणित बिनचूक होतं. आजही आहे.

पैजेच्या दुकानात मी टोपी डोळ्यांवर ओढून शिरलो, आणि समोर उभे चॅपलचे खजिनदार मिस्टर पिकल्स. हातात चिठ्ठी, कानामागे पेन्सिल.

"पाऊस आला म्हणून आत आलो," पिकल्स म्हणाले.

बाहेर लख्ख ऊन होतं. "हो ना, फार पाऊस," मी म्हणालो. सभ्य समाज असाच चालतो.

मी चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं : डेन्मार्कविरुद्ध इंग्लंड विजयी. काउंटरमागच्या माणसाला जबर सर्दी झाली होती. त्याने चिठ्ठी पाहिली आणि रुमालातून विचारलं, "नव्वद मिनिटांचं ना?"

आता सांगा, ज्या माणसाने आठवडाभर आलेख काढलेत त्याला एक शिंकरणारा इसम विचारतो, सामना किती मिनिटांचा असतो! मी ताठ उभा राहून म्हणालो, "फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचाच असतो, एवढं मला ठाऊक आहे."

"बरं," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

सामना आम्ही शॅकलटनकडे पाहिला. सगळी गल्ली त्या एका बैठकीच्या खोलीत. इंग्लंडने गोल केला, डेन्मार्कने फेडला, आणि नव्वद मिनिटं संपली तेव्हा एक-एक बरोबरी होती. त्या क्षणी माझी पैज बुडालेली होती. मी त्या क्षणी काय करत होतो? मी सॉसेज रोल खात होतो आणि म्हणत होतो, "घाबरू नका, हे गणितात धरलेलं आहे." जादा वेळात कोणी काही केलं नाही. मग पेनल्टी आल्या. नॉर्मन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डोरीन, जी फक्त प्लेट परत न्यायला आली होती, ती सोफ्याच्या हातावर बसली आणि तिने माझी बाही धरली. डेन्मार्कच्या एकाने चेंडू गोलखांबावर मारला. शेवटची पेनल्टी आमच्या कप्तानाची. तो धावत आला, थबकला, सगळ्या देशाचा श्वास अडकवला आणि चेंडू जाळ्यात सारला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मला उचलून धरलं होतं. माझं डोकं दिव्याच्या झुंबरावर आपटलं. एन्टविसलबाईंनी माझा मुका घेतला. आणि नॉर्मन शॅकलटनने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून आरोळी ठोकली, "बर्नी! अरे बर्नी, लेका, केलंस की रे तू!"

बर्नी. लेका. तू.

सकाळी उठून पाहतो तर माझी शिडी जागेवर नव्हती. न विचारता नेली होती. मी ती रिकामी जागा बराच वेळ पाहत उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

दुपारी पैसे आणायला निघालो तेव्हा नॉर्मन छपराची पन्हळ साफ करत होता, माझ्याच शिडीवर. "एन्टविसलबाईंना घेऊन जा रे," तो वरून म्हणाला. "म्हातारीला बरं वाटेल." मला त्याचं फार कौतुक वाटलं. एन्टविसलबाई लग्नसमारंभात घालायची ठेवणीतली टोपी घालून आल्या. आम्ही दोघं मुख्य रस्त्याने हातात हात घालून गेलो, आणि वाटेत भेटेल त्याला त्या सांगत होत्या, "आम्ही लँडुड्नोला चाललोय."

सर्दीवाल्याने चिठ्ठी यंत्रात घातली, काढली आणि परत माझ्याकडे सरकवली. "हरली."

"काय हरली?"

"पैज."

"अहो, इंग्लंड जिंकलं!"

"पेनल्टीवर. तुम्ही नव्वद मिनिटांवर लावलंत. नव्वद मिनिटांत बरोबरी. बरोबरी म्हणजे तुमचं गेलं. पुढची फेरी कोण गाठणार, त्याची पैज वेगळी असते."

"पण इंग्लंड पुढच्या फेरीत गेलं की नाही?"

"गेलं," तो म्हणाला. "तुम्ही नाही गेलात."

मी त्याला समजावून सांगितलं की सामना हा एकच असतो, त्याचा निकाल हाही एकच असतो. त्यावर त्याने मला ऐकवलं की पंच खोळंब्यासाठी जी तीनचार मिनिटं वाढवून देतो ती नव्वद मिनिटांतच धरतात, जादा वेळ मात्र धरत नाहीत. म्हणजे चौऱ्याण्णव मिनिटांना नव्वद म्हणायचं, पण एकशेवीसना म्हणायचं नाही! असलं उत्तर माझ्या वर्गात कोणी दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. "आणि मी विचारलं होतं तुम्हाला," त्याने नाक शिंकरत पुस्ती जोडली. विचारलं होतं, हे खरं. पण विचारण्याची एक पद्धत असते. 'नव्वद मिनिटांचं ना' हा प्रश्न नाही, हे खाकरणं आहे.

जाताना त्याला माझी दया आली असावी. त्याने दुकानाचं एक छोटं पेन मला फुकट दिलं.

गल्लीत सगळे फाटकांशी उभे होते. मी सांगितलं. मग नॉर्मन शिडीवरून सावकाश उतरला आणि म्हणाला, "नव्वद मिनिटांचा नियम. मास्तर, हे तर कोणालाही ठाऊक असतं."

"कोणालाही," त्याची बायको म्हणाली.

"शेंबड्या पोरालाही," आणखी कोणीतरी.

काल रात्री एकमेकांच्या अंगावर बिअर उडवणारी ही तीच माणसं. पण मला टोचलं ते वेगळंच. मास्तर. परत मास्तर. आणि संध्याकाळी शिडी जागेवर आलेली होती, फडक्याने पुसून.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण लोकांनी एन्टविसलबाईंना विचारलं की आत काय झालं. त्या म्हणाल्या, "तो माणूस फार सज्जन. खूप वेळ बोलले दोघं. मला काही ऐकू आलं नाही. शेवटी त्याने बर्नार्डच्या हातात काहीतरी दिलं आणि बर्नार्डने ते खिशात घातलं." मी ते पेन घेऊन घरोघर गेलो. पेन पाहून कोणाचं समाधान झालं असं दिसलं नाही. निर्दोष माणूस पेन दाखवत फिरत नाही, असा एकंदर सूर होता.

मग मी तक्रार केली. कंपनीच्या मुख्य कचेरीला नियमांतली विसंगती सप्रमाण लिहून पाठवली. उत्तर आलं, 'प्रिय मिसेस ऑलरेनशॉ' या मायन्याने. नियम दुकानाच्या दर्शनी भागात लावलेले आहेत, असं त्यात होतं. तो दर्शनी भाग पाहायला मी स्वतः गेलो. नियमांचा फलक होता, नाही असं नाही. नाणी टाकून खेळायच्या यंत्राच्या मागे, भिंतीला लागून होता. पुराव्यासाठी फोटो काढायचा म्हणून मी यंत्र आणि भिंत यांच्या फटीत शिरलो. शिरणं जमलं. त्या दिवशीही 'पावसामुळे' आत आलेल्या पिकल्सांनी मला बाहेर काढायला माझे पाय ओढले तेव्हा यंत्राची तार निसटली आणि एका गृहस्थाचा रंगात आलेला डाव काळा पडला. तो गृहस्थ जे बोलला ते मी डोरीनला सांगितलेलं नाही.

सर्दीवाल्याने मला कायमची बंदी केली. दार दाखवताना म्हणाला, "तुमची गल्लीच विचित्र दिसते. तुम्ही पैसे न्यायला आलात त्याच सकाळी एक प्लंबर इथे भांडून गेला. कप्तान गोल करणार म्हणून लावले होते त्याने. म्हणे, पेनल्टी मारली की नाही कप्तानाने? सांगून सांगून थकलो की पेनल्टीच्या फैरीतले गोल गोल म्हणून धरत नाहीत. नव्वद मिनिटांचा सगळा नियम वाचून दाखवला, तेव्हा गेला."

मी फुटपाथवर उभा राहून हिशेब जुळवला. म्हणजे मी दुपारी निघालो तेव्हा माझ्याच शिडीवर उभ्या असलेल्या नॉर्मनला सगळं ठाऊक होतं. म्हातारीला बरोबर न्यायला सांगितलं तेव्हाही.

घरी जाऊन मी त्याला कुंपणापाशी गाठलं. "तुला माहीत होतं!" रागाच्या भरात मीही त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

तो जरासुद्धा वरमला नाही. "होतं. पण मी माझे घालवले, मास्तर. तुम्ही सगळ्यांचे."

घरात येऊन डोरीनला सांगितलं. ती म्हणाली, "मग? तुझ्या तोंडून कळण्याऐवजी त्याच्या तोंडून कळलं असतं, एवढाच फरक."

यानंतर शहाणा माणूस थांबला असता. मी उपांत्य सामन्यासाठी पुन्हा आलेख काढला. ऑस्ट्रियाशी गाठ होती. आता मला नियम पाठ होता, आणि गणित सांगत होतं की नव्वद मिनिटांत बरोबरी होण्याला भाव उत्तम आहे. मी माझे स्वतःचे पैसे, नवीन चष्म्यासाठी ठेवलेले, पिकल्सांच्या हाती दिले, कारण मला तर दाराबाहेरच ठेवलं होतं. पिकल्सांनी चिठ्ठी करून आणून दिली आणि म्हणाले, "बाहेर फार पाऊस होता." मनात एकच होतं. जिंकलो तर डबा भरून द्यायचा आणि बस ठरवायची. मग परत सगळं आधीसारखं. म्हणजे त्या एका रात्रीसारखं.

शॅकलटनकडचं बोलावणं अर्थातच आलं नाही. उकाडा होता, सगळ्या गल्लीच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि मी घरी एकटा पाहत होतो. डोरीन तिकडे गेली होती, प्लेट द्यायला. इंग्लंडने सुरुवातीलाच गोल केला आणि मग वेळ काढत बसलं. मी हयातभर इंग्लंडचा माणूस. माझ्या वडिलांनी मला खांद्यावर बसवून सामने दाखवले. आणि मी तिथे बसून मनात ऑस्ट्रियाला आर्जवं करत होतो. नव्वद मिनिटं झाली. पंचाने चार वाढवून दिली. त्यांतल्या शेवटच्या मिनिटाला ऑस्ट्रियाच्या एका ठेंगण्या पोराने डोक्याने चेंडू आत टाकला.

सगळी बेथेस्डा स्ट्रीट क्षणात गप्प झाली. त्या शांततेत एकच आवाज घुमला. "शाब्बास रे पठ्ठ्या!" आवाज माझा होता. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवायची सवय आहे मला.

जादा वेळ झाला. पेनल्टी झाल्या. इंग्लंड हरलं. आमच्या कप्तानाने चेंडू आकाशात मारला. गल्लीत कोणाचं तरी बाळ रडत होतं, आणि देशात बहुधा मी एकटा जिंकलेला होतो. डोरीन परत आली आणि थेट वर निघून गेली. प्लेट तिकडेच राहिली होती.

पैसे पिकल्सांनी आणून दिले. बस ठरेल इतके होते, वर जेवणालाही पुरतील इतके. मी ते एका पाकिटात घालून नॉर्मनच्या दारात गेलो आणि काय केलं, कशासाठी केलं, ते सगळं सांगितलं. मला वाटलं तो पाकीट तोंडावर फेकेल. त्याचीही मी तयारी ठेवली होती. तो म्हणेल, हे पैसे देशद्रोहाचे, आणि मी म्हणेन, हे पैसे गणिताचे.

त्याने पाकीट घेतलं, नीट खिशात घातलं.

"फार चांगलं केलंत," तो म्हणाला. "फक्त एक आहे, मास्तर. त्या रात्री तुम्ही ओरडलात ते सगळ्यांनी ऐकलं. लोक अजून जरा... बसमध्ये दिवसभर एकत्र बसायचं म्हणजे मोकळेपणा हवा. तुम्ही शिकलेले आहात. समजून घ्याल."

मी समजून घेतलं. शिकलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही.

डोरीन मात्र सहलीला गेली. तिने सँडविचेस करायचं कबूल केलं होतं. शनिवारी सकाळी बस निघाली. एन्टविसलबाई पुढच्या सीटवर बसून हात हलवत होत्या, बहुधा मला, किंवा गल्लीला. दिवसभर रस्ता इतका शांत होता की दुपारी एक वाटसरू मला विचारून गेला, इथे कोणी राहतं का.

संध्याकाळी डोरीन परतली, नाक उन्हाने लाल झालेलं, बुटांत वाळू. खुर्चीत बसून ती बूट सोडू लागली.

"कसं झालं?" मी विचारलं.

"छान. हवा सुरेख होती. एन्टविसलबाई गुडघाभर पाण्यात गेल्या. त्यांना बाहेर काढायला तिघं लागले." ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. "जेवणानंतर नॉर्मनने भाषण केलं. सगळ्यांचे आभार मानले. माझे, सँडविचेसबद्दल. ड्रायव्हरचे. त्या ऑस्ट्रियाच्या ठेंगण्या पोराचेसुद्धा. सगळे हसले."

"माझे?"

तिने एक बूट उलटा करून वाळू वर्तमानपत्रावर ओतली. "तुझं नाव निघालं ना. बसवाल्याने विचारलं, तुमचे मिस्टर का नाही आले."

"मग?"

"नॉर्मन म्हणाला, त्यांना गर्दी आवडत नाही."

"आणि तू काय म्हणालीस?"

डोरीनने दुसरा बूट काढला, आत पाहिलं, आणि तोही उलटा केला.

"मी म्हणाले, लहानपणापासूनच."